बंद डब्यातली खिरापत

अमरावती, १२ जून

चि. सौ. आरतीस,

थोरलीने धाकटीला आशीर्वाद द्यायची पद्धत आहे, म्हणून देते. तू मला फोनवर ब्लॉक करून ठेवलंस, आईचा फोनही तूच उचलतेस, तेव्हा पोस्टाशिवाय माझ्याकडे रस्ता उरला नाही. समेट करायला लिहीत नाही, हे आधीच सांगते.

तुझ्या वास्तुशांतीच्या दिवशी मी पाहुण्यांसमोर जे बोलले, ते बोलले. आई तुझ्या नव्या स्वयंपाकघरात मीठ-मिरच्या ओवाळत होती. ‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची’ म्हणता म्हणता ती ‘पौर्णिमेची’ म्हणाली, माझं नाव घेतलं, हे मी दारात उभी राहून ऐकलं. सख्ख्या आईने एका लेकीच्या घरावरून दुसऱ्या लेकीची नजर उतरवायची, आणि मी पंगतीत बसून जिलेबी खायची? नाही बसले. ताट सरकवून उठले आणि निघताना तुला जे म्हटलं ते तुझ्या सासरचे अजून चघळत असतील.

पण तुला म्हणून सांगते, नजर मी लावलीच होती. तुझा तो काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, आईसाठी वेगळी खोली, तिच्या खिडकीत तुळस. इथे राजापेठेत माझ्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत आरी वर्कची, ब्लाउजवरच्या भरतकामाची चौकट मांडलेली, पाय ठेवायचा तर मण्यांवर पडतो. आई माझ्याकडे आठवडाभर राहिली की तिचा जीव घाबरतो, आणि अकोल्याच्या उन्हात तुझ्याकडे मात्र तिला गार वाटतं! जळले मी, पुरती जळले.

त्याच आठवड्यात डोकं दुखायला लागलं. सकाळी उठताना जास्त. मग चौकटीवर वाकले की दोन्ही डोळ्यांपुढे क्षणभर अंधार व्हायला लागला, मान वर केली की परत उजेड. कानात नाडीसोबत सूं-सूं आवाज. मी कोणाला सांगितलं नाही. तू बी. एस्सी. झालेली, हसशील, पण मला वाटलं, लावलेली नजर उलटून माझ्याच डोळ्यांवर आली. दार लावून स्वतःवरून मीठ उतरवलं. नितेश अवेळी घरी आला आणि बायको काय करते ते त्याने पाहिलं.

“हे काय करून राहिली वो?”

“मच्छर झाले घरात,” मी म्हटलं.

शेजारच्या जयवंताबाईंनी तर निदान करूनच टाकलं. “बयनीचं घर झालं तवापासून हिचं डोकं दुखून राहिलं,” असं त्या अख्ख्या गल्लीत सांगून आल्या. मग तर मी आणखीच गप्प बसले. डॉक्टरकडे जायचं आणि त्यांनी तपासून सांगायचं की बाई, तुम्हाला बहिणीचा मत्सर झालाय, ही शोभा कोण करून घेणार?

शेवटी मणी ओवताना सुई दिसेना म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले. दुकानदार म्हणाला, नंबर तोच आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरबाईंनी थेंब टाकून, दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, “सोबत कोणी आलं आहे का?”

दोन्ही डोळ्यांच्या नसांना मागे सूज आहे. डोक्यातला दाब वाढल्याशिवाय अशी सूज येत नाही, आणि दाब कशाने वाढला ते पाहायला एमआरआय करायचा आहे, लगेच. गाठ असू शकते, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मी विचारल्यावर नाहीही म्हणाल्या नाहीत.

आईला सांगू नकोस. सांगितलंस तर ती रडेल, आणि तू तिला जवळ घेशील. ते मला नको.

तुझी
पौर्णिमाताई


अमरावती, २९ जून

आरती,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. ‘ताई, मी येऊ का?’ येऊ का असं विचारणाऱ्याला कोणी ये म्हणतं का? आणि अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. तेही तुलाच मिळालं.

एमआरआय झाला. त्या बोगद्यात झोपवून खटखट सुरू झाली, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते ऐक. गाठ निघाली तर आई माझ्याकडे राहायला येईल. मिनिटभर मी गाठ मागितली, आरती. नंतर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण तिथे हात हलवायची सोय नव्हती.

गाठ निघाली नाही. मेंदूतलं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा वेगळ्या तपासल्या, तिथेही गुठळी नाही. ब्लड प्रेशर बरोबर. सगळं साफ. नितेशने रडत रडत मला गिलावडा आणून दिला. आणि दाब मात्र तसाच, नसा सुजलेल्याच.

मग मेंदूच्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचं ठरवलं. कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, कमरेच्या मणक्यांत सुई घालतात. सुईला एक उभी नळी जोडतात आणि पाणी तिच्यात किती वर चढतं ते मोजतात. पंचविसाच्या आत असायला हवं, माझं अडतीसवर जाऊन थांबलं. पाणी कसं होतं म्हणून मी विचारलं. नर्स म्हणाली, विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. त्यात जंतू नाहीत, काही नाही. नुसतं पाणी.

मला आपली भुलाबाई आठवली. धामणगावला गल्लीतल्या दहा-बारा पोट्ट्या घरोघर जायचो, गाणी म्हणायचो, आणि शेवटी त्या घरची काकू खिरापतीचा बंद डबा आणून आमच्या कानाशी हलवायची. काय आहे ओळखा! जी ओळखेल तिला पहिली मूठ. मी सांगायची फुटाणे, निघायच्या करंज्या. तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, फ्रॉक सांभाळत पुढे यायचीस, डबा कानाला लावून डोळे मिटायचीस आणि म्हणायचीस, ‘राजगिऱ्याचे लाडू.’ उघडला की राजगिऱ्याचे लाडू! सगळ्या बायका तुझ्या गालांना हात लावायच्या. आई सगळ्यांना सांगत सुटायची, ‘माह्या आरतीचे कान देवाचे.’ मी प्रत्येक वर्षी महिनाभर रोज हरले आहे, आणि त्यातला एकही दिवस विसरले नाही.

आता माझं डोकंच डबा झालंय. जो तो हलवून ओळखायला बघतो. गाठ, गुठळी, जंतू, मत्सर. आणि निघालं पाणी.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. मुरमांच्या गोळ्या खाता का, जीवनसत्त्वाच्या खाता का, इंजेक्शनं, हार्मोनच्या गोळ्या? काहीच नाही. मग मी धीर करून विचारलं, “डॉक्टर, मनात जळण असली तं असं होते का?”

ते चष्म्यावरून बघून हसले. “बाई, मत्सरानं दाब वाढला असता तर माझ्याकडे उभं राहायला जागा उरली नसती. यामागचं कारण सापडत नाही, म्हणूनच याच्या नावात ‘इडिओपॅथिक’, म्हणजे अज्ञात कारणाचा, असा शब्द आहे. तुमच्या वयाच्या, वजन वाढलेल्या बायकांत जास्त दिसतं, एवढं माहीत आहे. पण कारण माहीत नाही याचा अर्थ धोका नाही असा नाही. दाब असाच राहिला तर नजर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही.”

इतके महिने मला वाटत होतं की दोष तुझा आहे. आता तोही आधार गेला.

गोळ्या सुरू केल्यात. वजन दहा किलो उतरवायला सांगितलंय. ते वाक्य वाचून तू ओठ दाबून हसलीस, मला इथून दिसलं.

पौर्णिमा


अमरावती, २६ जुलै

आरती,

गोळ्यांनी हाताच्या बोटांना मुंग्या येतात, सोडा प्यायला तर चिखलासारखा लागतो, आणि दर तासाला बाथरूम. भाताची वाटी मोजून घेते, पाटोडीचा रस्सा नुसता वासाला. नितेश समोर बसून तळलेला आलू-पोंगा खातो. तू दोन ताटं जेवूनही जवारीच्या धांड्यासारखी सरळ राहतेस, हा कुठला न्याय आहे ते मला देवाला भेटून विचारायचंय.

पण एक आनंदाची बातमी. नजरेच्या घेराची परीक्षा झाली. एका पांढऱ्या पोकळ यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे चमकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी एकही सोडला नाही. तिथली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पुन्हा एकदा करू या.’ मी म्हटलं, बाई, मला लग्नाचे ब्लाउज द्यायचे आहेत, एकदा पुरे.

नितेशने उत्साहात आईला फोन लावला आणि डोळ्यांच्या परीक्षेचं तेवढं सांगितलं. तू शाळेत शिकवायला गेली होतीस, म्हणून फोन आईनेच उचलला. माझ्या हातात फोन आला तेव्हा तिचा आवाज फुलला होता.

“पौर्णिमे, पास झाली म्हन्ते तू! म्या अथी शेजारीपाजारी पेढे वाटतो आता. माही गुणाची पोर!”

गुणाची पोर. मॅट्रिकनंतर पहिल्यांदा. तू घरी आल्यावर तुलाही पेढा मिळाला असेल. माझ्या नावाचा होता तो, लक्षात ठेव.

पौर्णिमा


अमरावती, १७ ऑगस्ट

आरती,

हे पत्र वाचून फाडून टाक. आईच्या हाती लागू देऊ नकोस.

मी पास झाले नव्हते.

ते यंत्र दिवा दाखवायच्या आधी किंचित कुरकुरतं. सुरुवातीला मी खरंच बघून दाबत होते. मग कुरकुर व्हायची आणि मला काही दिसायचंच नाही. एकदा, दोनदा, पुन्हा. तेव्हा मला तू दिसलीस, डबा कानाला लावलेली. मी ठरवलं की आपणही कानाने ओळखायचं. कुरकुर झाली की दाब, दिवा दिसो न दिसो. एवढं सोपं असतं होय आरतीचं, असं वाटून मला चक्क आनंद झाला. वेडी ती वेडीच.

त्यात आणखी एक. बोटांच्या मुंग्यांनी आरीची सुई धरवेना, तेव्हा पास झाल्याच्या तोऱ्यात मी गोळ्या निम्म्यावर आणल्या. उरलेल्या मण्यांच्या डब्यात पडल्या आहेत.

परवा राजापेठच्या चौकात डावीकडून आलेला ऑटो मला दिसलाच नाही. ऑटोवाला ओरडला, “वो बाई, डोये घरी ठेवून आल्या का?” मी घरी येऊन डावा हात बाजूला धरून पाहिला. समोर बघितलं की हात नाही. मान वळवली की आहे.

डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आत पाहिलं, सूज वाढली होती. मग जुलैचा कागद माझ्यापुढे ठेवला. “सूज एवढी आणि दिवे सगळे दिसतात, हे जुळत नाही. हे यंत्र मधूनमधून नुसता आवाज करतं, दिवा दाखवतच नाही. तुम्ही तेव्हाही बटण दाबलंय.”

मी म्हटलं, बोट चुकलं असेल. तोंड वर करून म्हटलं!

त्या रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त लागलं. म्हणाल्या, “येत्या गुरुवारी परत करू. अंधार किती आत आलाय ते फक्त तुम्हीच मला सांगू शकता, मला बाहेरून दिसत नाही. तो वाढत असेल तर थांबून चालणार नाही, पाणी पोटात उतरवणारी नळी बसवावी लागेल. तुम्ही अंदाजाने दाबलंत तर मी चुकीचं ठरवीन, आणि डोळे तुमचे जातील.”

मला सगळं कळतं, आरती. तरी मला माहीत आहे, गुरुवारी त्या यंत्रापुढे बसले की माझं बोट परत दाबणार. कारण खरं दाबलं तर मी नापास, आणि ‘गुणाची पोर’ परत करावं लागेल. पेढे वाटून झालेत. नितेशला सांगितलं तर तो घाबरून पहिला फोन आईला लावेल. डोळे जातील या भीतीपेक्षा आईचा आवाज उतरेल ही भीती मोठी आहे, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. तुझा बसेल. तुला तो आवाज रोज ऐकायला मिळतो.

म्हणून विचारते. गुरुवारी येशील? बाजूला नुसती बस. तुझ्यासमोर हरायची मला सवय आहे. एकटीला हरता येत नाही.

तुझी
ताई


अमरावती, १२ सप्टेंबर

प्रिय आरती,

आता तू मला ब्लॉकमधून काढलंयस, फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. अक्षर मोठं आलंय, सांभाळून घे.

तू परवा विचारलंस की त्या दिवशी यंत्रापुढे मला काय वाटलं. सांगते. तू बडनेऱ्याला गाडीतून उतरून धावत आलीस, केस विस्कटलेले, चपलेचा पट्टा तुटलेला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की हिला विस्कटलेलंही शोभतं. दुसरं काही येईपर्यंत तू माझा हात धरून बाकावर बसली होतीस.

आणि मग तू ते बोललीस. मी जन्मभर विसरणार नाही, असं तोंड करून बोललीस.

“ताई, मले कधी आयकून नाई समजलं. तुमी गाने म्हनत राहा, तवा मी काकूले पानी मांगाच्या निमित्तानं आत जाऊ. सैपाकघरात डोकावून येऊ आन मंग डबा कानाले लावू.”

“दरवर्षी?”

“दर घरी.”

तीस वर्षांचं माझं हरणं, आणि तू पाणी पिऊन जिंकत होतीस! त्या शांत कॉरिडॉरमध्ये मी “चोट्टी कुठली!” म्हणून ओरडले, आणि एक म्हातारे गृहस्थ दचकून थेंब टाकलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघायला लागले. तूही हसत होतीस, पण माझा हात काही सोडला नाहीस. तुलाही ते इतकी वर्षं लपवून ठेवणं जड गेलं असेल का? मी विचारलं नाही. जड गेलं असू दे.

आत गेले. डॉक्टरबाईंच्या परवानगीने तू मागच्या स्टुलावर बसलीस. यंत्र कुरकुरलं. दिसला, दाबलं. कुरकुरलं, नाही दिसला. बोट वर झालं, आणि मी ते बाजूला मांडीवर दाबून धरलं. पुन्हा कुरकुर, पुन्हा काही नाही. मी रडायला लागले तर ती मुलगी म्हणाली, पाण्याने दिवे दिसणार नाहीत, थांबा, पुसा. तू मागून पदर पुढे केलास. तुझ्या पदराने डोळे पुसून मी नापास झाले.

कागदावर दोन्हीकडून काळं आत आलेलं होतं, डावीकडे जास्त. मी गोळ्यांचंही सांगून टाकलं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, “आता मला दिसलं.” त्याच आठवड्यात नळी बसली.

काल तपासणीला गेले होते. सूज उतरली आहे. कानातला आवाज गेला, डोकं हलकं आहे. गोळ्या पूर्ण घेते, वजन चार किलो उतरलं, बाकीचं उतरवायचंच आहे. कडेचं जे गेलं ते परत येणार नाही, पण मधलं वाचलं. सुई दिसते. महिनाभर उशीर झाला असता तर काय, ते मी विचारलं तर त्या पुढच्या तपासणीची तारीख लिहायला लागल्या.

आता आईचं. तू तिला घेऊन वॉर्डात आलीस, त्या दिवशी मला वाटलं होतं ती पेढ्यांचं विचारेल. तिने कनवटीची मीठ-मिरचीची पुडी काढली आणि माझ्यावरून ओवाळायला लागली. नर्स नको नको म्हणत होती. “आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची,” आणि मग स्पष्ट, तुझ्या तोंडावर, “आरतीची.”

तुझा चेहरा मी पाहिला. डावीकडून मला कमी दिसतं, पण तू नेमकी समोर होतीस. माझं ताट सरकवताना माझा चेहरा असाच झाला असणार.

तूच विचारलंस, “आई, माही कावून वो?”

ती पुडी बांधत म्हणाली, “मंग का शेजारनीची लागते? नजर जीवाच्या मानसाचीच लागते. माहं बी नाव घेतो मी, आंदी माहं घेतो, मनातल्या मनात.” आणि लगेच, माझ्या उशाशी बसून, माझ्या डोक्यावर हात ठेवून, तुला विचारलं, “तू जेवली का वो?”

ऑपरेशन माझं, टाके मला, आणि जेवली का ते तुला! डॉक्टर म्हणतात तेच खरं, या जळण्याचा त्या पाण्याशी काही संबंध नव्हता. पाणी उतरलं आणि हे आहे तिथेच आहे. असू दे. तुझी पापणी ओली होती, आणि आई म्हणाली नसती तर मीच विचारणार होते.

पौर्णिमेला भुलाबाई बसतात. यंदा माझ्या घरी बसवणार आहे, गल्लीतल्या पोरी यायच्या म्हणतात. आईला घेऊन ये. तिचा जीव घाबरला तर घाबरू दे, आठ दिवस ठेवून घेणार आहे. खिरापत मी करीन आणि डबा मी हलवीन. तू पोरींमध्ये बसायचं आणि सगळ्यांसारखं ओळखायचं. तहान लागली तर स्वयंपाकघरात यायचं नाही. पाणी मी बाहेर आणून देईन.

तुझी
ताई